टीव्हीवरचा चेहरा आणि परमिटवरचं नाव

वाचकाचं पत्र:

"आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. घर १९५६ सालचं केप कॉड, म्हणजे उतरत्या छताचं दीड मजली. दोन मुलं, धाकटी तीन वर्षांची. सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत आणि दुपारी आम्ही दोघी घर-बागेचं रूप पालटणारे कार्यक्रम बघत बसतो. आता आम्हालाही स्वयंपाकघर आणि लिव्हिंग रूममधली भिंत काढायची आहे. मागे पेव्हरचा (फरसबंदीच्या ठोकळ्यांचा) पॅटिओ करायचा आहे आणि कुंपणाला लागून आर्बरव्हायटीची (सदाहरित झाडांची) रांग लावायची आहे. एक काँट्रॅक्टर घर बघून गेला. तो म्हणतो, 'मी अशाच एका टीव्ही शोच्या टीममध्ये होतो. भिंत एका दिवसात जाते. आतल्या कामाला परमिट लागत नाही, आणि घ्यायचंच असेल तर अर्ज तुमच्या नावाने करा.' शनिवारी करारावर सही करायची आहे. मिस्टरांचं म्हणणं, शोमधले लोक आर्किटेक्ट असतात, त्यांच्या हाताखाली काम केलेला माणूस कच्चा कसा असेल? हे सूत्रसंचालक खरंच आर्किटेक्ट किंवा परवानाधारक असतात का?"
— स. द., एडिसन

स. द. ताई,

शनिवारी सही करू नका. निदान आठवडाभर तरी पुढे ढकला. कारण सांगतो, पण आधी मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर.

काही असतात, बरेच नसतात. आणि टीव्हीवर बघून ते ओळखता येत नाही. 'ग्रँड डिझाइन्स' हा ब्रिटिश कार्यक्रम १९९९ पासून सादर करणारे केव्हिन मॅक्लाउड यांनी केंब्रिजला कला आणि वास्तुकलेचा इतिहास शिकला. इमारतींबद्दल त्यांच्याइतकं नेमकं बोलणारा माणूस टीव्हीवर क्वचितच सापडेल, पण ते आर्किटेक्ट नाहीत. त्याच देशातले जॉर्ज क्लार्क मात्र रीतसर आर्किटेक्ट आहेत. अमेरिकेत टीव्हीवर घरं सजवणारे व्हर्न यिप यांच्याकडे आर्किटेक्चरची पदव्युत्तर पदवी आहे. 'फिक्सर अपर'च्या जोआना गेन्स यांनी बेलर विद्यापीठातून घेतलेली पदवी कम्युनिकेशन्सची. 'प्रॉपर्टी ब्रदर्स'मधले जोनाथन स्कॉट काँट्रॅक्टर आणि त्यांचे जुळे भाऊ ड्रू रिअल इस्टेट एजंट. सगळ्यात जुन्या घराण्याचं बघायचं, तर १९७९ साली 'धिस ओल्ड हाउस' सुरू झालं तेव्हा समोर बोलणारे बॉब व्हिला पत्रकारितेचे पदवीधर होते आणि लाकूड हातात धरणारे नॉर्म एब्रम हे सुतार. ती विभागणी प्रामाणिक होती. कोण बोलतो आणि कोण काम करतो, हे प्रेक्षकाला दिसत होतं.

बागेच्या कार्यक्रमांतही तेच. 'गार्डनर्स वर्ल्ड' हा बीबीसीचा कार्यक्रम १९६८ पासून चालू आहे. त्यात अॅलन टिचमार्श होते. पंधराव्या वर्षी शाळा सोडून इल्कली गावच्या नगरपालिकेच्या नर्सरीत उमेदवारी, मग हॉर्टिकल्चरचं कॉलेज, मग लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाचा डिप्लोमा, असा त्यांचा पायरी-पायरीचा प्रवास. त्यांच्यानंतर २००३ मध्ये आलेले माँटी डॉन इंग्रजी साहित्य शिकलेले. पूर्वी त्यांचा दागिन्यांचा व्यवसाय होता, बागकाम ते स्वतःच्या हातानं शिकले. म्हणून डॉन कमी दर्जाचे माळी ठरतात का? अजिबात नाही. मातीत वर्षानुवर्षं घातलेला हात कोणत्याही डिप्लोम्याच्या बरोबरीचा असतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण रोप चुकीच्या जागी लावलं तर ते उपटून दुसरीकडे लावता येतं. भिंत चुकीची काढली तर डोक्यावरचा मजला खाली येतो. ज्ञान कुठूनही येऊ देत. भार, वीज, गॅस आणि विष या चार गोष्टींत त्या ज्ञानाखाली कोणीतरी नाव लिहून जबाबदारी घ्यावी लागते. परवाना त्यासाठी असतो. शोमध्ये ते नाव सूत्रसंचालकाचं असेलच असं नाही. पडद्यामागे इंजिनिअर, परवानाधारक इलेक्ट्रिशियन, प्लंबर असतात आणि त्यांचं काम संकलनात कापलं जातं, कारण इन्स्पेक्टर येऊन जिना चढतो हे बघायला कोणी बसत नाही. तुमच्या घरात पडद्यामागे कोणीच नसेल, तुम्ही उभं केल्याशिवाय.

शो कुठे चित्रित झाला यावरही बरंच अवलंबून असतं. 'फिक्सर अपर' टेक्सासमधल्या वेको शहरातलं. टेक्सासमध्ये जनरल काँट्रॅक्टरला राज्याचा परवानाच नसतो; प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनला असतो. कॅलिफोर्नियात त्याच कामासाठी चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, परीक्षा द्यावी लागते आणि २५,००० डॉलरचा हमीचा बाँड ठेवावा लागतो. ब्रिटनमध्ये 'आर्किटेक्ट' हा शब्द १९९७ च्या कायद्याने राखीव आहे, पण 'बिल्डर' म्हणून पाटी कोणीही लावू शकतो. त्यामुळे "टीव्हीवर काम केलं आहे" या वाक्यातून तुमच्या काँट्रॅक्टरची पात्रता कळतच नाही.

आता तुमच्या घरात सगळ्यात जास्त काळजीची गोष्ट, जिचा पत्रात उल्लेखही नाही: शिसं. १९५६ चं घर. अमेरिकेत घरगुती रंगात शिशावर बंदी आली १९७८ मध्ये. म्हणजे तुमच्या भिंतींवर, खिडक्यांच्या चौकटींवर वरच्या लॅटेक्स रंगाखाली शिशाचा थर आहे असंच धरून चालायचं, तपासणीनं नाही म्हणेपर्यंत. आणि घरात तीन वर्षांचं मूल आहे. या वयाची मुलं जमिनीवर खेळतात, हात तोंडात घालतात, आणि शिशाची अगदी थोडी धूळसुद्धा त्यांच्या मेंदूला कायमची इजा करू शकते.

इथे टीव्हीचं एक उदाहरण थेट उपयोगी आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, 'फिक्सर अपर'च्या गेन्स दांपत्याच्या मॅग्नोलिया कंपनीशी तडजोड केली. आरोप होता की वेकोमधल्या ३३ घरांच्या नूतनीकरणात शिशासंबंधीचे नियम पाळले गेले नाहीत. संस्थेनं कार्यक्रमाचे भाग बघूनच चौकशी सुरू केली होती. कंपनीनं ४०,००० डॉलर दंड भरला आणि वेकोमधल्या घरांतला शिशाचा धोका काढण्यासाठी १,६०,००० डॉलर खर्च करण्याचं मान्य केलं. कंपनीनं पुढे नियमांप्रमाणे व्यवस्था बसवली, हेही सांगायला हवं. पण इतक्या मोठ्या, नावाजलेल्या टीमकडून हे राहून जाऊ शकतं, तर तुमच्या काँट्रॅक्टरला विचारल्याशिवाय गृहीत कसं धरायचं?

नियम असा आहे. १९७८ पूर्वीच्या घरात पैसे घेऊन रंगवलेला पृष्ठभाग उकरणाऱ्या फर्मकडे ईपीएचं प्रमाणपत्र लागतं आणि त्या कामावर प्रशिक्षित 'सर्टिफाइड रिनोव्हेटर' नेमलेला लागतो. आत एका खोलीत ६ चौरस फुटांपर्यंतच्या किरकोळ दुरुस्तीला सूट आहे, पण भिंत पाडणं किंवा खिडकी बदलणं किरकोळ धरलंच जात नाही. काम सुरू होण्याआधी तुम्हाला शिशाबद्दलची छापील पुस्तिका मिळाली पाहिजे. मग कामाच्या जागेभोवती ६ फुटांपर्यंत जमिनीवर प्लॅस्टिक, दारांवर प्लॅस्टिकचे पडदे, हीटिंगच्या झडपा झाकून टेप, शेवटी अगदी बारीक धूळ अडकवणारा हेपा व्हॅक्यूम, ओल्या कापडानं पुसणं आणि पुसलेलं कापड नमुन्याच्या कार्डाशी ताडून बघणं. टीव्हीवर हातोड्यानं ड्रायवॉल (भिंतीवरच्या जिप्समच्या पाट्या) फोडून हसत बाहेर येतात, ते दृश्य तुमच्या घरात घडलं तर ती धूळ फर्नेसमधून वरच्या बेडरूमपर्यंत जाते. काम चालू असताना सासूबाई आणि मुलं दुसऱ्याकडे राहायला गेलेली बरी. धाकटीच्या डॉक्टरांना सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी एकदा कामाआधी आणि एकदा नंतर करून घ्या, म्हणजे तुलना राहते.

जाता जाता: स्वयंपाकघराच्या फरशीच्या थरांखाली ९ इंची चौकोनी टाइल सापडली तर ती उचकटू किंवा घासू देऊ नका. त्या काळातल्या त्या टाइलमध्ये आणि खालच्या काळ्या डांबरी गोंदात अॅसबेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा.

भिंतीकडे येऊ. केप कॉड घरात स्वयंपाकघर आणि लिव्हिंग रूममधली भिंत घराच्या मधोमध असते, आणि बहुतेकदा तीच भार घेते. स्वतः बघून अंदाज घ्या. बेसमेंटमध्ये उतरा. त्या भिंतीच्या बरोबर खाली लोखंडी गोल खांबांची रांग आणि त्यावर आडवी तुळई आहे का? मग वरच्या मजल्यावर छताच्या उतारालगतच्या छोट्या दारातून डोकावा. जमिनीच्या आडव्या फळ्या, जॉइस्ट, पुढून आणि मागून येऊन या भिंतीवर एकमेकींना खेटून थांबतात का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर वरच्या मजल्याचा भार या भिंतीवर आहे. उत्तर नाही असलं तरी तो अंदाजच. शेवटचा शब्द न्यू जर्सीचा परवाना असलेल्या इंजिनिअरचा किंवा आर्किटेक्टचा, सही-शिक्क्याच्या कागदावर. त्यात नव्या बीमचं माप, दोन्ही टोकांच्या आधाराच्या जोड-खांबांची संख्या आणि त्या खांबांचा भार खाली कशावर जातो, हे तिन्ही लिहिलेलं हवं.

हा तिसरा मुद्दा नीट समजून घ्या, कारण चूक इथेच होते. पूर्वी भिंतीनं भार सगळ्या लांबीवर पसरवला होता. आता तो सगळा दोन टोकांवर येतो. बीम भक्कम निवडतात, पण खांब दोन जॉइस्टच्या मधल्या पोकळ जागेवर, नुसत्या प्लायवूडवर टेकवतात. वर्षभरात ती जागा दबते. मग टाइलला तिरकी चीर पडते, वरच्या बाथरूमचं दार अडकायला लागतं, आणि कोणालाच कळत नाही कशामुळे. खांबाखाली पोकळी भरून काढणारे भरीव लाकडी ठोकळे, त्याखाली बेसमेंटमध्ये तुळई किंवा नवा खांब, आणि नव्या खांबाखाली काँक्रीटचा स्वतंत्र पाया लागतो. बेसमेंटची जमीन तीन-चार इंचांची असते, तो पाया नव्हे. जुनी भिंत काढण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंना तात्पुरत्या टेकूच्या भिंती उभ्या करायच्या. फक्त एका बाजूला नव्हे, कारण जॉइस्ट दोन्हीकडून येतात.

आणि परमिट. भार घेणारी भिंत काढणं, वायर हलवणं, नळ हलवणं, या सगळ्याला न्यू जर्सीत परमिट लागतं. "आतल्या कामाला लागत नाही" हे रंगकाम आणि कपाटं बदलण्यापुरतं खरं आहे. टाउनशिपच्या बांधकाम खात्याला पूर्ण अर्जावर निर्णय द्यायला कामाचे २० दिवस असतात, म्हणजे जवळजवळ महिना. त्यानंतर सांगाडा, वायरिंग आणि नळ उघडे असतानाच तपासणी होते. इन्स्पेक्टर येण्याआधी ड्रायवॉल लावला तर तो पुन्हा उघडायला लावू शकतात. "भिंत एका दिवसात जाते" हे पाडण्यापुरतं खरं. तिच्याभोवतीचं काम सहा ते दहा आठवड्यांचं धरा.

अंगणातलं काम त्या मानानं सोपं आहे. तिथे चुका जमिनीखाली दडतात, एवढंच. खणण्याआधी ८११ ला फोन करायचा. फुकट सेवा आहे, न्यू जर्सीत निदान तीन पूर्ण कामाचे दिवस आधी कळवावं लागतं. ते येऊन खुणा करतात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, हिरवा सांडपाणी, नारिंगी फोन-केबल. मात्र आधीच्या मालकानं ग्रिलसाठी टाकलेली गॅसची नळी किंवा स्प्रिंकलरच्या नळ्या त्यात येत नाहीत. टाउनशिपच्या झोनिंग खात्यालाही विचारा, कारण प्लॉटचा किती भाग झाकता येतो याला मर्यादा असते.

समजा पॅटिओ १२ बाय १६ फुटांचा. पेव्हरखाली दाबून ६ इंच खडीचा थर हवा. इथल्या यार्डात त्या खडी-चुरीच्या मिश्रणाला 'क्यूपी' म्हणतात. त्यावर १ इंच वाळू, त्यावर पेव्हर. म्हणजे खणायचं सव्वानऊ-साडेनऊ इंच. खडी चारी बाजूंना पेव्हरच्या ६ इंच बाहेरपर्यंत न्यायची. हिशेब केला तर साडेसात टनांच्या आसपास क्यूपी लागते. काँट्रॅक्टरनं तीन टन मागवली तर तुमचा पॅटिओ दुसऱ्या हिवाळ्यातच लाटांसारखा होणार, कारण कमी खडीत पाणी साचतं, गोठतं आणि पेव्हर वर उचलतं. खडीच्या ट्रकची पावती बघायला मागा, वजन त्यावर छापलेलं असतं. सगळी खडी एकदम ओतून वरून मशीन फिरवलं तर खालचा भाग सैलच राहतो. दोन-तीन इंचांचा थर, प्लेट कॉम्पॅक्टर, मग पुढचा थर, असं व्हायला हवं. उतार घरापासून बाहेर, फुटाला पाव इंच. १२ फुटांत एकूण ३ इंच. टीव्हीवर पॅटिओ सपाट सुंदर दिसतो. तुमचा तसाच सपाट झाला तर पाणी बेसमेंटमध्ये येईल.

आर्बरव्हायटीच्या बाबतीत कार्यक्रमांनी लोकांची सगळ्यात जास्त दिशाभूल केली आहे. कॅमेरा संध्याकाळी निघून जाणार असतो, म्हणून झाडं खांद्याला खांदा लावून उभी करतात. 'ग्रीन जायंट' जातीचं झाड पूर्ण वाढल्यावर १२ फुटांहून जास्त पसरतं. ते अडीच-अडीच फुटांवर लावलं की आठ-दहा वर्षांत आतून तपकिरी होतं आणि मध्येच एखादं मरतं. कुंपणासाठी ६ ते ८ फूट अंतर ठेवा, शेजाऱ्याच्या हद्दीपासून निदान ६ फूट आत. जागा कमी असेल तर 'एमरल्ड ग्रीन', तीन-चार फुटांत मावतं. पण तुमच्याकडे हरणं येत असतील तर ते त्यांचं आवडतं खाणं आहे.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीनपट रुंद, खोली मात्र गोळ्याएवढीच. बुंधा जिथे पसरून मुळं सुरू होतात ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे. नर्सरीतून येतानाच ती दोन-तीन इंच मातीखाली गाडलेली असते, म्हणून वरची माती हातानं उकरून बघा. झाड जागेवर ठेवल्यावर दोरी पूर्ण कापायची, गोणपाट आणि तारेची जाळी वरच्या अर्ध्या भागातून तरी काढायची. मल्च (मातीवर पसरायचा लाकडाचा चुरा) दोन-तीन इंच, बुंध्यापासून काही इंच लांब. खोडाभोवती मल्चचा डोंगर रचणं इथे गल्लोगल्ली दिसतं, आणि त्यानं खोड कुजतं.

बागेसाठी कोणाला बोलवायचं? 'लँडस्केप आर्किटेक्ट'ला न्यू जर्सीत राज्याचा परवाना लागतो, 'लँडस्केप डिझायनर'ला नाही. एवढ्या कामाला चांगला डिझायनर पुरतो. मोठं झाड छाटायचं किंवा पाडायचं असेल तर मात्र राज्याच्या वृक्षतज्ज्ञ मंडळाचा परवाना असलेलाच माणूस हवा.

आता तुमच्या काँट्रॅक्टरला आजच ईमेल करा, फोन नको. चार गोष्टी मागा: राज्याचा होम इम्प्रूव्हमेंट क्रमांक (तो १३व्हीएच या अक्षरांनी सुरू होतो आणि करारावर, गाडीवर छापलेला असायला हवा), ईपीएचं शिशाचं प्रमाणपत्र, विम्याचा दाखला आणि मागच्या दोन वर्षांतल्या दोन भिंत-कामांचे परमिट क्रमांक. पहिला क्रमांक राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या साइटवर स्वतः टाकून बघा. तो नोंदणीचा आहे, कसबाची परीक्षा घेऊन दिलेला नाही, हे ध्यानात ठेवा. म्हणून तर जुन्या कामांचे परमिट क्रमांक मागायचे. ते क्रमांक टाउनशिपला विचारले की काम शेवटच्या तपासणीत पास झालं का ते कळतं. विम्याचा दाखला त्याच्या हातून घेऊ नका, त्याच्या एजंटकडून थेट तुमच्या ईमेलवर मागवा. त्यात कामगारांच्या अपघाताचा विमाही असला पाहिजे, नाहीतर शिडीवरून पडलेल्या माणसाच्या दवाखान्याचं बिल तुमच्या दारात येऊ शकतं.

"अर्ज तुमच्या नावाने करा" याला नाही म्हणा. घरमालकाला स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम करता यावं म्हणून ती सोय आहे. पैसे घेऊन काम करणारा माणूस ती वापरायला सांगतो तेव्हा काम बिघडल्यावर जबाबदार तुम्ही ठरता. बहुतेकदा त्यामागे कारणही असतं: नोंदणी संपलेली, नाहीतर विमा नाही. परवानाधारक प्लंबर आणि इलेक्ट्रिशियननं आपापल्या भागाच्या अर्जावर स्वतः सही करायची असते, काँट्रॅक्टरनं त्यांच्या वतीनंही नाही.

करार ५०० डॉलरच्या वर असेल तर तो लेखीच हवा आणि त्याची प्रत मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही तो रद्द करू शकता. हप्ते तारखेला बांधू नका, टप्प्याला बांधा: परमिट हातात आल्यावर, सांगाड्याची तपासणी पास झाल्यावर, ड्रायवॉल झाल्यावर. परमिट मिळाल्याची खात्री झाल्याशिवाय काम सुरू करायचं नाही आणि शेवटचा हप्ता मागण्याआधी तपासणीच्या प्रमाणपत्रांच्या प्रती घरमालकाला द्यायच्या, हे न्यू जर्सीच्या ग्राहक नियमांतच आहे. करारात ते वाक्य लिहून घ्या, आणि त्या प्रती मिळेपर्यंत शेवटचा चेक लिहू नका.